हरीण, माती आणि तीन समीकरणं

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. मराठी घरात बोलायचं आणि शाळेत फक्त एका तासापुरतं, अशी परिस्थिती. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर संपादक मंडळाने दुरुस्त करावं आणि वाचकांनी मोठ्या मनाने सांभाळून घ्यावं. मराठी विभागात कथा, कविता, ट्रेकची वर्णनं भरपूर येतात. म्हटलं, आपण थोडं गणित लिहू. घाबरू नका, पानं उलटू नका! बेरीज, गुणाकार आणि थोडा धीर एवढंच लागेल.

माझ्या तिसऱ्या वर्षाच्या सेमिनारचा विषय होता, जंगली हरणांमध्ये साथीचा रोग कसा पसरतो त्याचं गणिती मॉडेल. "मेकॅनिकलची मुलगी आणि हरणं?" असं सगळ्यांनी विचारलं. त्याचं उत्तर लेखाच्या ओघात येईलच. आधी आमच्या विंगमधली गोष्ट.

विंगमधली साथ

दुसऱ्या वर्षी एम-थ्रीच्या पेपरला आठ दिवस असताना एका सकाळी माझी उजवी पापणी चिकटलेली होती. डोळे आले होते. वसतिगृहाचा नियम साधा आहे : रेक्टर मॅडमना सांगायचं, सिक रूममध्ये जायचं, टॉवेल-उशी वेगळी ठेवायची. मी सांगितलं नाही. सिक रूममध्ये अभ्यास होत नाही, नोट्स मिळत नाहीत, आणि पेपर तर तोंडावर. चष्मा लावला, "जागरण झालंय गं" म्हटलं आणि मेसच्या रांगेत उभी राहिले.

तीन दिवसांनी माझ्या रूम पार्टनरचे डोळे आले. नंतर समोरच्या खोलीत, मग सगळ्या विंगमध्ये. पेपरच्या दिवशी मी बरी झाले होते. ती मात्र सुजलेल्या डोळ्यांनी, रुमालाने पाणी पुसत तीन तास बसली. तिला एम-थ्रीची केटी लागली. सगळे विषय सुटले तरच पुढे मिळणारी तिची शिष्यवृत्ती होती, तीही गेली. मी मात्र फर्स्ट क्लासमध्ये पास. तेव्हा तिला मी काहीच सांगितलं नाही. साथ होती, येते आणि जाते, असं म्हणून मोकळी झाले.

साथ "येते आणि जाते" म्हणजे नेमकं काय होतं, हे पाहायला मी सेमिनारचा विषय घेतला, हे खरं कारण.

तीन डबे

साथीचं सगळ्यात सोपं मॉडेल म्हणजे तीन डबे. पहिल्यात निरोगी, दुसऱ्यात आजारी, तिसऱ्यात बरे झालेले. माणसं पहिल्यातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात जातात. याला एस-आय-आर मॉडेल म्हणतात.

आमच्या विंगमध्ये ६० जणी आहेत. समजा एक आजारी मुलगी दिवसाला सरासरी ०.५ जणींपर्यंत रोग पोचवते आणि पाच दिवसांनी बरी होते. (हे आकडे मी धरलेले आहेत, मोजलेले नाहीत.) तर :

दिवसातले नवे रोगी = ०.५ × आजारी × (निरोगी ÷ ६०)
दिवसात बरे होणारे = ०.२ × आजारी

पहिल्या दिवशी आजारी १, निरोगी ५९. नवे रोगी आले ०.४९. म्हणजे अर्धी मुलगी आजारी पडली! हसू नका, हे सरासरीचं गणित आहे. एक पाच दिवस आजारी राहून रोज अर्धी, म्हणजे एकूण अडीच जणींना रोग देते. या अडीचला "मूळ पुनरुत्पादन संख्या" म्हणतात. ती एकाहून जास्त असेल तर साथ पेटते, एकाहून कमी असेल तर विझते. सगळ्या साथशास्त्राचं सार या एका वाक्यात आहे.

आता गंमत बघा. आजारी वाढत राहण्यासाठी पहिली ओळ दुसरीपेक्षा मोठी हवी. सोडवून बघितलं तर निरोगींची संख्या २४ च्या वर असेपर्यंत साथ वाढते आणि २४ च्या खाली गेली की उतरते. म्हणजे साथ उतरायला लागते तेव्हाही विंगमध्ये निरोगी मुली शिल्लक असतात. "आता कोणी उरलंच नाही म्हणून थांबली" हा आपला समज चुकीचा आहे.

मुंबईचा प्लेग आणि एक प्रामाणिक वाक्य

हे मॉडेल १९२७ साली कर्मॅक आणि मॅकेंड्रिक या दोघांनी मांडलं. विल्यम कर्मॅक रसायनशास्त्रज्ञ. प्रयोगशाळेतल्या १९२४ च्या अपघातात त्यांची दृष्टी गेली होती, त्यानंतर त्यांनी हे गणित केलं. अँडरसन मॅकेंड्रिक हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर, कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी काम केलेलं.

त्यांनी आपलं मॉडेल कशावर तपासलं, ठाऊक आहे? आपल्या मुंबईच्या प्लेगवर! १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळातले दर आठवड्याचे मृत्यू त्यांनी घेतले. त्यांच्या सूत्राप्रमाणे सतराव्या आठवड्यात, म्हणजे एप्रिलच्या मध्यावर, मृत्यू शिखरावर जातात, आठवड्याला सुमारे ८९०. प्रत्यक्ष आकड्यांचे ठिपके त्या वक्ररेषेवर इतके छान बसतात की सेमिनारमध्ये मी ती आकृती पडद्यावर लावली आणि मोठ्या अभिमानाने म्हटलं, "म्हणजे मॉडेल बरोबर आहे."

माझे गाइड सर शांतपणे म्हणाले, "अगं, प्लेग पसरतो कशाने?"

उंदरांवरच्या पिसवांनी! आणि मॉडेलमध्ये तर ना उंदीर, ना पिसू. आकृती जुळली म्हणजे कारणही जुळलं असं होत नाही. या दोघांना हे माहीत होतं. माणसातला प्लेग हा उंदरांतल्या प्लेगचं प्रतिबिंब आहे असं आपण धरतोय, याशिवाय आणखी काय काय धरलंय, आणि यातलं एकही गृहीतक काटेकोरपणे खरं नाही, हे त्यांनी त्याच शोधनिबंधात लिहून ठेवलंय. आपण जर्नलमध्ये रीडिंग आधी ठरवून आलेख मागाहून काढतो, त्यांना हे वाक्य नक्की वाचायला द्यावं. (त्यात मीही आले.)

आता हरणांकडे

१९६७ साली अमेरिकेत कोलोराडो राज्यात फोर्ट कॉलिन्सच्या वन्यजीव संशोधन केंद्रात पाळलेली काही म्यूल डिअर झिजायला लागली. हे हरीण म्हणजे खेचरासारखे मोठे कान असलेलं. अंगावरचं मांस जाई, मान आणि कान खाली लोंबत, लाळ गळे, खूप पाणी पीत आणि शेवटी मरत. सुरुवातीला वाटलं, खाण्यात काहीतरी कमी पडतंय. एलिझाबेथ विल्यम्स या पशुवैद्य विदुषीने १९७० च्या दशकाच्या शेवटी मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा मेंदूत स्पंजासारखी भोकं दिसली. हा गायींच्या "मॅड काऊ" आणि मेंढ्यांच्या "स्क्रॅपी" या रोगांचा भाऊबंद निघाला. इंग्रजी नाव क्रॉनिक वेस्टिंग डिसीज. मी इथे त्याला झीजरोग म्हणते.

याला जंतू नाही, विषाणू नाही. कारण आहे प्रायॉन, म्हणजे चुकीच्या पद्धतीने दुमडलेलं प्रथिन. ते शेजारच्या चांगल्या प्रथिनालाही आपल्यासारखं वाकडं दुमडायला लावतं. स्टॅनली प्रुसिनर यांनी १९८२ मध्ये हे नाव दिलं आणि १९९७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. शिजवून प्रायॉन नष्ट होत नाही. रोगावर औषध नाही, लस नाही, बरं होणं नाही. म्हणजे आपला तिसरा डबा, "बरे झालेले", इथे गायब! त्याच्या जागी फक्त मृत्यू.

आणखी एक गोष्ट. रोग शरीरात शिरल्यावर साधारण दीड-दोन वर्षं हरीण अगदी ठणठणीत दिसतं. चरतं, पळतं, कळपात मिसळतं. पण त्याच काळात त्याच्या लाळेतून, विष्ठेतून, लघवीतून प्रायॉन बाहेर पडायला लागलेले असतात. (चष्मा लावून मेसच्या रांगेत उभी असलेली मी आठवा.)

जंगलातल्या प्राण्यात हा रोग १९८१ मध्ये सापडला, कोलोराडोतल्या एका एल्कमध्ये. आज तो अमेरिकेच्या तीसहून अधिक राज्यांत आणि कॅनडात आहे, नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि दक्षिण कोरियातही सापडला आहे. आपल्या चितळ-सांबरांत त्याची नोंद नाही. माणसाला हा रोग झाल्याचं एकही सिद्ध उदाहरण आजवर नाही, तरी बाधित प्राण्याचं मांस खाऊ नये असा अमेरिकी आरोग्य यंत्रणेचा सल्ला आहे.

एक प्रश्न, तीन उत्तरं

फेब्रुवारी २००२ मध्ये अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात पांढऱ्या शेपटीच्या हरणांत झीजरोग सापडला. मिसिसिपी नदीच्या पूर्वेला ही पहिलीच वेळ. राज्यापुढे प्रश्न उभा राहिला : रोग संपवायला हरणं मारायची का? मारायची तर किती?

इथे गणित नुसतं वहीत राहत नाही. मॉडेलमध्ये एक ओळ बदला, उत्तर बदलतं आणि हजारो हरणांचं जगणं-मरणं बदलतं. तिन्ही ओळी बघू. सोपं जावं म्हणून धरू की १०० हरणांचा कळप आहे आणि एक आजारी हरीण दोन वर्षं जगून वर्षाला एक, म्हणजे एकूण दोन हरणांना रोग देतं.

पहिली ओळ : गर्दीवर अवलंबून. ही मेसची रांग. जितकी गर्दी, तितके धक्के. १०० हरणांत एकामागे दोन रोगी होत असतील तर ५० हरणांत एकामागे एक होईल आणि ४० हरणांत एकाहून कमी. म्हणजे कळप ५० च्या खाली आणा, रोग आपोआप विझेल. सरकारला आवडेल असं उत्तर.

दुसरी ओळ : गर्दीवर नाही, सोबतीवर अवलंबून. ही वसतिगृहाची खोली. विंगमध्ये ६० जणी असोत की ३०, खोलीत माझी पार्टनर एकच. हरणांच्या माद्याही नात्यातल्या माद्या-पिल्लांच्या छोट्या टोळीत राहतात. आसपासची हरणं कमी झाली तरी टोळीतलं चाटणं, एकमेकींना खेटून बसणं कमी होत नाही. मग कळप १०० चा असो की ५० चा, एकामागे दोन रोगी होतच राहणार. एकदाच बंदुका घेऊन निम्मी हरणं मारली तर हरणं निम्मी झाली, रोग तिथेच!

या ओळीत एकच मार्ग उरतो : आजारी हरणाला रोग पसरवायला वेळच न देणं. दोन वर्षांऐवजी ते सरासरी एकच वर्ष जगलं तर एकामागे एक होईल. त्यासाठी मृत्यूदर वर्षाला ०.५ वरून १ वर न्यावा लागतो, म्हणजे शिकारीचा दर ०.५. ई चा उणे ०.५ वा घात ०.६१ येतो, म्हणजे दर वर्षी शंभरातली ३९ हरणं मारावी लागतील. एकदा नाही, दर वर्षी! आणि कोण आजारी हे दिसत नाही, त्यामुळे त्या ३९ मध्ये बहुतेक निरोगीच असणार. हे उत्तर मी वहीत लिहिलं तेव्हा पेन थोडा वेळ थांबलं होतं.

(कोलोराडोत प्यूमा, म्हणजे डोंगरी सिंह, आजारी म्यूल डिअर जास्त प्रमाणात पकडतात असं अभ्यासात दिसलंय. बंदुकीपेक्षा त्याची निवड चांगली म्हणायची.)

तिसरी ओळ : माती. २००४ मध्ये कोलोराडोच्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही कुंपणांत झीजरोगाची हरणं पूर्वी राहून गेली होती. ती काढून सुमारे २.२ वर्षं झाली होती. काही कुंपणांत आजारी हरणांचे सांगाडे सुमारे १.८ वर्षं कुजून गेले होते. त्या रिकाम्या जागेत निरोगी हरणं सोडली. आजारी हरीण एकही नाही. तरी दोन्ही प्रकारच्या कुंपणांत निरोगी हरणांना रोग झाला. मातीत आणि गवतात प्रायॉन टिकून होते.

म्हणजे नवा डबा आला : मातीतलं विष. आजारी हरणं त्यात भर घालतात, काळ त्याला हळूहळू कमी करतो आणि निरोगी हरीण त्या डब्यातून रोग घेतं. २००६ मध्ये मिलर, हॉब्स आणि टॅव्हनर यांनी बंदिस्त म्यूल डिअरमधल्या दोन साथींच्या नोंदींवर वेगवेगळी मॉडेलं लावून पाहिली. हरणाकडून हरणाला थेट रोग जातो असं मानणाऱ्या मॉडेलांपेक्षा मातीतून जातो असं मानणारं मॉडेल नोंदींशी जास्त चांगलं जुळलं.

हे मॉडेल मी सी मध्ये चाळीस ओळींत लिहिलं. मातीतलं विष निम्मं व्हायला किती काळ लागतो तेवढं बदलून पाहिलं. सगळी हरणं काढली आणि जागा पाच वर्षं रिकामी ठेवली असं धरू. सहा महिन्यांत निम्मं होत असेल तर पाच वर्षांनी १०० मधलं ०.१ उरतं. दोन वर्षांत निम्मं होत असेल तर १०० मधलं १८ उरतं! एका आकड्याचा फरक. एकात हरणं परत आणा, दुसऱ्यात आणू नका.

प्रत्यक्षात काय झालं?

विस्कॉन्सिनने सुरुवातीला रोग समूळ नष्ट करायचं ठरवलं. शिकारीचा हंगाम वाढवला, सरकारी नेमबाज लावले. लोक नाराज झाले. शिकार ही तिकडे अनेक घरांची परंपरा, आणि इतकी हरणं मारून फ्रीजरमध्ये जागा नाही, मनात समाधान नाही. २००७ मध्ये सरकारी नेमबाजी थांबली आणि २०१० च्या योजनेत "नष्ट करणं" जाऊन "आटोक्यात ठेवणं" आलं. पुढे तिथे रोग वाढत गेला आणि काही भागांत तर प्रौढ नरांपैकी तिघांत एकाहून जास्त बाधित निघाले. शेजारच्या इलिनॉय राज्याने, जिथे रोगी सापडले तेवढ्याच छोट्या जागेत दर वर्षी नेमबाजी चालू ठेवली. तिथलं प्रमाण पहिल्या दहा वर्षांत कमी आणि स्थिर राहिलं. दुसऱ्या ओळीतलं "एकदा नाही, दर वर्षी" आठवा.

नॉर्वेने वेगळं केलं. २०१६ मध्ये नॉर्डफिएला भागात रेनडिअरना रेडिओ पट्टे बांधताना एक मादी आजारी सापडली आणि मेली. युरोपातला हा पहिला झीजरोग. नॉर्वेने २०१८ पर्यंत त्या भागातला दोन हजारांहून मोठा अख्खा कळप मारला. त्यात बाधित निघाले १९. बाकीचे सगळे निरोगी. त्यानंतर ती जमीन किमान पाच वर्षं रेनडिअरविना ठेवायचं ठरलं. ती पाच वर्षं म्हणजे तिसऱ्या ओळीतली माती. आणि २०२० मध्ये शेजारच्या हार्डांगरविडा पठारावर रोग सापडला.

नॉर्वेने चूक केली की बरोबर, हे मला ठरवता येत नाही. दोन हजार प्राणी १९ साठी मारणं भयंकर आहे. पण १९ असताना न मारता वाट पाहिली असती तर विस्कॉन्सिनसारखं झालं असतं का, हाही प्रश्न आहेच. एक मात्र कळलं. "गणित सांगतं" असं म्हणून कोणालाही सुटता येत नाही. गणित फक्त एवढं सांगतं की तुम्ही हे धरलंत तर ते होईल. काय धरायचं, ते आपण ठरवतो. म्हणून जे धरलं ते आधी लिहायचं, मोठ्या अक्षरात.

माझं गृहीतक

सेमिनार झाल्यावर मी विंगचं मॉडेल पुन्हा चालवलं. या वेळी एकच गोष्ट बदलली : पहिल्या मुलीने पहिल्याच दिवशी सांगितलं आणि ती सिक रूममध्ये गेली. पाच दिवसांऐवजी ती एकच दिवस इतरांमध्ये राहिली. पाच दिवसांत अडीच जणींना देणारी ती आता अर्ध्या मुलीला देते. प्रत्येकीने तसंच केलं तर संख्या एकाच्या बरीच खाली जाते आणि साथ दोन-तीन जणींत विझते. स्क्रीनवर ती रेष उठण्याआधीच आडवी झाली. मी बराच वेळ तिच्याकडे बघत बसले.

मग खोलीवर गेले आणि पार्टनरला सगळं सांगितलं. कुठल्या दिवशी डोळा चिकटला, चष्मा का लावला, सगळं. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मला माहीत होतं गं. तुझी उशी ओली असायची." त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी एम-थ्रीची वही माझ्यापुढे टाकून म्हणाली, "आता शिकव." केटीचा पेपर आम्ही दोघींनी मिळून सोडवला असं म्हटलं तरी चालेल. तिची केटी सुटली. शिष्यवृत्ती मात्र परत आली नाही, हेही लिहायला हवं.

हरणाला माहीत नसतं की आपण आजारी आहोत. त्याला रेक्टर मॅडम नाहीत, सिक रूम नाही. आपल्याला आहेत. पावसाळा सुरू झाला की डोळे येणार, ताप येणार, आणि ऐन सबमिशनच्या वेळीच येणार, हे ठरलेलं! तेव्हा मैत्रिणींनो आणि मित्रांनो, पहिल्या दिवशी सांगा. आणि रेक्टर मॅडमना एक नम्र विनंती : सिक रूममध्ये एक टेबल, एक दिवा आणि मैत्रिणींनी आणून दिलेल्या नोट्स दारात ठेवायची सोय झाली तर लपवायचं कारणच उरणार नाही. माणूस नियम का मोडतो, हेही मॉडेलमध्ये धरायला हवं ना!

ज्यांना चाळीस ओळींचा प्रोग्राम हवा असेल त्यांनी खुशाल मागून घ्यावा. त्याच्या पहिल्या दहा ओळी कॉमेंट आहेत. त्यात मी काय काय धरलंय ते लिहिलंय. आधी ते वाचा, मगच रन करा.